जावईबापूंचे दंड

टीव्ही सेंटर भागातल्या जिममध्ये आपल्यासारखे दंड दुसऱ्या कुणाचे नाहीत, याबद्दल प्रल्हादच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कचेरीत कारकुनी करतानाही तो फायली अशा उचलायचा, की समोरच्याला दंड दिसलेच पाहिजेत!

"ताकद हवी असेल तर जड वजन, चार-पाच वेळा," तो बायकोला, शैलाला समजावायचा. "पण आकार हवा तर बेताचं वजन, पंधरा वेळा, सावकाश! मग दोन मिनिटं आराम."

दिवाळीनंतर दोघं सिल्लोडला तिच्या माहेरी गेली. अंगणात मक्याच्या वीस गोण्या, दारात टेम्पो, आणि हमालांचा पत्ता नाही!

"लिलावाची येळ झाली, आवडाबाई!" टेम्पोवाला रामकिसन ओरडला. "आता निघालो नाय तर आज माल इकत नाय!"

आवडाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जावयाकडं पाहिलं. "जावईबापू असल्यावर हमाल कशाला पायजे?"

प्रल्हादची छाती फुगली. त्यानं साठ किलोच्या गोणीला कवटाळलं, दात-ओठ खाल्ले, डोळे पांढरे केले. गोणीनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"जड हाय व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

"छे! माझी पद्धत वेगळी आहे. आई, एक घमेलं द्या."

गोणी सोडून त्यानं घमेलं अर्धं भरलं आणि टेम्पोतल्या रिकाम्या पोत्यात सावकाश ओतलं. "एक... दोन..." पंधरा झाल्यावर तो ओट्यावर बसला आणि घड्याळ बघू लागला.

"चक्कर आली वाटतं!" सासूबाई कांदा घेऊन धावल्या.

"नाही हो! आराम चालू आहे!"

"पाव्हणं," रामकिसन शांतपणे म्हणाला, "आसं चाललं तर ह्यो मका टेम्पोतच उगवंल."

सासूबाईंनी पदर खोचला. साठीची, काडीसारखी बाई! एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला रामकिसन. बघता बघता टेम्पो भरला आणि वेळेत सुटलाही. प्रल्हादनं अंगणात सांडलेला मका गोळा केला.

दुपारी तो ओसरीवर पडला होता, तेव्हा स्वयंपाकघरातून सासूबाईंचा काळजीचा आवाज आला.

"शैले, दोन्ही दंड कवापासून सुजल्यात गं त्यांचे?"

"वर्ष झालं, आई," शैला म्हणाली. "रोजचे दोन तास जातात त्याच्यापायी."