वसुधाकाकूंचे दगड

वसुधाकाकू कोणाच्याही घरी गेल्या की हातात मावेल ती वस्तू उचलतात, तळहातावर तोलतात आणि निकाल देतात, "फेकायला बरं आहे." आमच्याकडे हा मान बेसनाच्या लाडवाला मिळाला. लाडू माझ्या बायकोनं केला होता. तिला तो अभिप्राय अजून पचलेला नाही.

काकूंनी पुण्याच्या कॉलेजात पुरातत्त्व शिकवलं. आता काकांसह अमेरिकेतल्या कॅरी गावात, आमच्या शेजारी, लेकीकडे राहतात. पण मुक्काम अजून अश्मयुगातच. आदिमानव नदीतून हातात नेमके बसणारे दगड वेचून साठवायचा, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. "त्याला नखं नव्हती, सुळे नव्हते. तरी बिबट्याला लांबूनच हाकलायचा!" सगळ्या विद्वानांना हे पटत नाही, असं मी एकदा म्हणालो. "त्यांना आधी फेकून बघायला सांग," काकू म्हणाल्या.

इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला त्यांनी झाडाला कागदी प्लेट टांगून आम्हा आयटीवाल्यांना दगड मारायला लावले. माझा थेट कोशिंबिरीत पडला. "काकू, शोल्डर गेला यार!" म्हणत एक जण खाली बसला. सत्तरीच्या काकूंनी पहिल्याच फटक्यात प्लेट पाडली. मी मनातल्या मनात हात जोडले.

या हिवाळ्यात काकांना पॅरॅलिसिसचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. थेरपिस्टनं दिलेला रबरी बॉल ते बाजूला सारत. "मी काय लहान मूल आहे?" तेव्हापासून काकूंची दगडवेच दुपटीनं वाढली. ओढ्याकाठून, पार्किंग लॉटमधून, आमच्या वाफ्यातूनसुद्धा. "आई, सोसायटीची नोटीस येईल!" लेक वैतागायची. मला वाटलं, काळजीनं बाई भ्रमिष्ट झाल्या.

परवा सकाळी त्यांचा डबा परत द्यायला गेलो. घरामागच्या लाकडी डेकवर काका खुर्चीत बसले होते आणि काकू टोपलीतला एकेक दगड त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवत होत्या. "हा जड होतोय? बरं, मग हा बघा." एका चपट्या दगडाभोवती काकांची बोटं हळूहळू मिटली.

"फेका आता."

"कोणाला तरी लागेल," काका पुटपुटले.

"लागू दे!"

काकांनी ओठ घट्ट मिटून हात उचलला. दगड सुटला, डेकच्या पायऱ्यांवरून घरंगळला आणि गवतात जाऊन थांबला. काकू लगबगीनं खाली उतरल्या. मला वाटलं, उचलून आणतील. पण त्या गवतात त्याच्याशेजारी बसल्या आणि बाहीनं डोळे पुसत तिथूनच ओरडल्या,

"अहो, बघा तरी, किती लांब आलाय!"