खोक्यातले राऊत सर

राऊत सरांना 'कसे आहात?' असं कुणी विचारू नये. "आजचं विचारताय की पहिल्यापासूनची बेरीज?" असं म्हणून ते बेरीजच सांगायला बसतात. एकदा डॉक्टरांनी ताप कधीपासून आहे विचारलं, तर सर तिसरीतल्या गोवरापासून सुरू झाले. बाहेरचे दोन पेशंट कंटाळून घरी गेले.

सर तलासरीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे आणि माझ्या घोलवडच्या चिकूवाडीतल्या खोलीत एकटेच राहायचे. पीएच.डी.साठी ते एक समीकरण सोडवत होते. त्यात अवकलन, म्हणजे डिफरन्सिएशन, एकदा नाही, दोनदा नाही, चक्क दीड वेळा करायचं!

"दीड वेळा म्हणजे काय हो?"

"भाऊ, दीड चिकू खाता ना? मग!"

बरं, शेवटच्या टोकाला उत्तर किती, हे नुसतं त्या टोकाला बघून ठरत नाही म्हणे. आख्ख्या वाटेची बेरीज लागते. "मागचं सोडून चालतच नाही, भाऊ!"

वहीची पानं वाऱ्यानं उलटतात, म्हणून सर चिकूच्या रिकाम्या खोक्यात आतल्या बाजूनं लिहायचे. त्यासाठी खोका आडवा करून त्यात डोकं घालून बसायचे. पोस्टमन एकदा घाबरून टपाल न देताच परत गेला. लिहिलेल्याचा फोटो काढून ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "फोटोत एकच क्षण येतो."

प्रबंध द्यायची मुदत चार दिवसांवर आली आणि आख्खी सिद्धता लिहिलेला खोका चिकू भरून दिल्लीला रवाना झाला.

तो भरला होता वाडीत खोके भरणाऱ्या जयूनं. बिचारी रडकुंडीला आली. "मना काय ठावं, शेठ? खोक्यावर कायतरी लिवलेलं असतंच. मी पेपर हातरला न् भरला."

माझं डोकं सणकलं. "उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

"अहो भाऊ," सर मधे पडले, "ती सिद्धता चुकलेलीच होती. बरं झालं, गेली. दिल्लीवाले बसतील डोकं खाजवत!"

जयू डोळे पुसत हसली. मीही निवळलो.

मुदत टळली. पुढच्या रविवारी गेलो, तर सर नव्या खोक्यात डोकं घालून पहिल्या ओळीपासून लिहीत होते.

"चूक सापडली का?"

"चूक नव्हतीच," खोक्यातून आवाज आला.

"मग?"

"जयू अकरा वर्षं तुमचे खोके भरतेय, भाऊ. तुम्ही शेवटचा एकच बघत होतात."

सरांनी डोकं काही बाहेर काढलं नाही. बरंच झालं. मला त्यांच्याकडे बघवलं नसतं.