मातीच्या बाईला सिमेंटचा हात

“हे तुला पटणार नाही, आणि नाही पटलं तरी माझं काही बिघडत नाही,” असं बजावून गवंडीमामांनी न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकली. गालांना साबण लागला होता, पण मामांचं तोंड बंद करील असा साबण अजून निघायचा होता.

न्हाव्यानं विचारलं होतं एवढंच, “मामा, तुमची पोरगी करते तरी काय?”

याचं उत्तर एका दमात देणं मामांनाही जमत नसे. पोरगी मूर्ती घडवते. मूर्तीवर कविता करते. ती कविता लोकांसमोर हातवारे करत म्हणते, आणि शेवटी सगळ्यांना हाताशी धरून एक विधी करते.

“चार नोकऱ्या आहेत म्हण ना,” मामा म्हणाले, “पगार एकीचाही नाही.”

परवा तिचं पहिलं मोठं प्रदर्शन होतं. परीक्षक बाईंना काम आवडलं तर वर्षभर स्वतःची कार्यशाळा मिळणार होती. नाही तर पुन्हा घरच्या मोरीत माती कालवायची, तीही आईची बोलणी खात.

सकाळी मामा डबा द्यायला गेले. पोरगी कुठे बाहेर गेली होती. दालनाच्या मधोमध तिनं कच्च्या मातीची बसलेली बाई केली होती, पुरुषभर उंच. आणि त्या बाईला कपाळापासून पोटापर्यंत तडे!

बेचाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाच्या पोरीच्या कामाला तडे? उद्या लोक म्हणतील, बापाच्या भिंतीही अशाच असणार. थापी पिशवीत होतीच. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथून घमेलंभर सिमेंट आणलं, पाणी झिरपू नये म्हणून त्यात पावडर टाकली, तडे बुजवले, आणि हात लागलाच आहे तर समोरून डोक्यापासून पायापर्यंत पातळ गिलावाही देऊन टाकला. वरून मातीचं पाणी फिरवलं, म्हणजे कुणाला पत्ता लागायला नको. बाई अशी झाली की मामांनी तिला वाकून नमस्कार केला.

निमंत्रणपत्रिका मात्र त्यांनी वाचली नव्हती. तिच्यात लिहिलं होतं, की प्रत्येकानं आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बाईच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, आणि कविता संपेपर्यंत बाई विरघळून जाईल.

संध्याकाळी पहिला तांब्या रिकामा झाला. पाणी नव्या छत्रीवरून ओघळावं तसं ओघळलं.

“विरघळ, बाई, आता तरी विरघळ,” पोरगी म्हणत होती.

दहा तांबे झाले, वीस झाले. बाई ढिम्म. कविता चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू झाली. एका आजोबांचे गेलेले सगळे संपले, तेव्हा त्यांनी जिवंतांची नावं घ्यायला सुरुवात केली. परीक्षक बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं.

“मग?” न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला.

तेवढ्यात मूर्तीच्या मागून चिखलाचा लोट आला. पोरगी मागे गेली, क्षणभर बघत राहिली, आणि तिनं हातानं खूण करून सगळ्यांना मागे बोलावलं. पाठ कच्चीच होती. तिथून आतली माती सगळी वाहून गेली होती, आणि पुढे उरलं होतं नुसतं सिमेंटचं कवच, आतून बाईच्या आकाराचं पोकळ. पोरगी चिखल तुडवत त्या पोकळीत शिरली आणि कविता शेवटच्या वेळी तिनं आतून म्हटली. परीक्षक बाईंनी चष्मा पुसला, आणि कार्यशाळेची किल्ली तिथल्या तिथं तिच्या चिखलाच्या हातात ठेवली.

मामांच्या डोळ्यांत साबण गेला असावा.

“लोक विचारत होते, हे सुचलं कुणाला? अरे, पाठ मी मुद्दाम कच्ची ठेवली होती. बाप आहे मी तिचा. तिची कला मला आधीच उमगली होती.”

“बाबा,” दारात केव्हाची उभी असलेली पोरगी म्हणाली, “मग मी आत उभी राहून कविता म्हणत असताना, ‘अगं हो बाजूला, पाठीचा गिलावा राहिलाय,’ असं ओरडत थापी घेऊन धावत आलं ते कोण?”