राघो पाटलांचे पागोट्यातील दयाळाच्या पोरांचे रक्षण

श्री ग्रामदेवता प्रसन्न. शके अठराशे साठ, बहुधान्यनाम संवत्सरी, वैशाख मासी, शहापूर प्रांती मुरबाडच्या सरहद्दीस लागून मौजे चारोळीपाडा येथे राघो पाटलांचे परसात जे युद्ध जाहले, त्याचे वर्तमान सरकारी दप्तरी सापडत नाही. ज्यांस लिहिता येत होते त्यांस फुरसत नव्हती, आणि ज्यांस फुरसत होती त्यांस लिहिता येत नव्हते. पुढे कोणी म्हणेल की ऐसे घडलेच नाही, सबब घडले तैसे साद्यंत लिहिले असे.

राघो पाटील हे सरकारचे पोलीस पाटील. वय पन्नाशीपार, मिशा जरबेच्या, आणि हाळी ऐसी की ओढ्यापलीकडील म्हैस चरता चरता उभी राहावी. बावीस वर्षे पाटीलकी केली, परंतु गाव पडले गरीब. चोरी नाही, दंगा नाही, फार तर कोणाची कोंबडी कोणाचे घरी अंडे घालून येई. त्यामुळे पाटलांचे शौर्य कणगीतील नाचणीसारखे न वापरिता पडोन राहिले होते. तो त्या साली मामलेदारसाहेबांचे फर्मान आले की, वैशाख वद्य पंचमीस शहापुरी दरबार भरेल, समस्त पाटलांनी लाल पागोटे बांधोन हजर व्हावे, ज्याची नोकरी बेदाग त्यास सनद मिळेल. आणि यादीत पहिले नाव आपलेच, ऐसे शिपायाने पाटलांचे कानी घातले. ते ऐकोन पाटलांची छाती इतुकी फुगली की सदऱ्याची वरली गुंडी जागा सोडोन गेली.

मग पागोट्याचा शोध मांडिला. पौषात म्हशाच्या जत्रेहून आल्यावर ते मागील पडवीच्या कोनाड्यात ठेविले, ते तैसेच होते. पाटलांनी हात घातला मात्र, आतून एक करडी पाखरी उसळोन थेट नाकावरून गेली, आणि बावीस वर्षांत न हटलेले पाटील दोन पावले हटले. मग निरखोन पाहतात तो पागोट्याच्या मधोमध काड्या, मुळ्या आणि कुटुंब सुंदराबाई यांचे विंचरलेले केस यांची गादी घातली आहे, आणि वरती हिरवट निळी, तपकिरी ठिपक्यांची तीन अंडी. बाहेर शेवग्याच्या शेंड्यावर काळापांढरा दयाळ शेपूट उभारोन शीळ घालीत होता. पाटलांस वाटले, हा आपला मुलूख घेऊन वरती नौबतही वाजवितो.

तेच क्षणी पाटील घरटे उचलोन बाहेर टाकिते, परंतु घरातील सत्ता निराळी होती. पाटलांची एकुलती लेक मैना पहिल्या बाळंतपणास डोळखांबाकडील सासरहून माहेरी आली होती. नववा महिना, उन्हाचा कहर, पायांस सूज; पडवीत बाजेवर पडोन दयाळाची शीळ ऐकणे एवढाच तिचा विसावा. सुंदराबाई चुलीपुढून उठोन आल्या, अंडी पाहिली, लेकीकडे पाहिले, आणि त्यांनी हुकूम सोडिला:

"त्याला हात लावायचा नाय. घरात पोर भरल्या दिवसांची हाय, आन् तुमी दुसरीचा संसार उचलून फेकणार?"

पाटलांनी अर्ज केला की, दरबार आहे, सनद आहे, पागोट्यावाचून बोडके जावे कैसे? परंतु अर्ज नामंजूर जाहला, आणि त्या अंगणात वरची कचेरी नसल्याकारणे अपीलही चालेना.

तेथून पाटील रुसोन पडवीत बसो लागले. बसल्या बसल्या नजर जाई, आणि नजर गेली की हटेना. आठव्या दिवशी पिले निघाली. उघडी, आंधळी, सगळी मिळोन तोंडेच तोंडे. नर अळी आणी, मादी नाकतोडा आणी, एक बाहेर पडे तो दुसरे आत येई. पाटलांनी एके दुपारी खेपा मोजिल्या त्या साठावर गेल्या, मग पाटलांस झोप लागली, पाखरांस लागली नाही. ऐसी रसद कोणत्या फौजेस मिळत असेल, म्हणोन पाटील मनाशी थक्क जाहले. गावातील कोणत्या घरी किती माणसे ते पाटलांस पाठ होते. परंतु आपलेच परसात कोण राहतो, कोण काय खातो, हे बावीस वर्षांत ठाऊक नव्हते, याची थोडी लाजही वाटली. लेकीशी पूर्वी हो-नाहीपलीकडे बोलणे नव्हते. आता बापलेक पहारा वाटोन घेत, आणि धाकट्याचे पोट भरले की नाही यावर दोघांची मसलत चाले.

याच सुमारास कुंपणाच्या करवंदीत एक भारद्वाज येऊ लागला. पंख तांबडे, डोळे लाल, चाल सरदारी. भारद्वाजाचे दर्शन शुभ, हे सर्वांस ठाऊक. पाटील रोज सकाळी त्यास हात जोडीत आणि सनदेचे गाऱ्हाणे घालीत. तोही मान तुकवी. परंतु थोरामोठ्यांची मान कशासाठी तुकते ते रयतेस उशिरा कळते, तैसे पाटलांसही कळले. तो पाटलांकडे पाहत नव्हता, त्यांचे खांद्यावरून कोनाड्याकडे पाहत होता.

पंचमी उजाडली. पिलांस पिसे फुटली, परंतु उडावयास अवकाश होता. तेव्हा सुंदराबाईंनी ट्रंकेतून आपले हळदीनंतरचे लाल लुगडे काढिले आणि पाटलांचे डोक्यास स्वहस्ते गुंडाळिले. किनार आत दडपिली, ती पुनःपुन्हा बाहेर येई. गाडी जुंपली, पाटील चढले, बैल चार पावले चालले, तो परसातून दयाळाचा चर्र-चर्र ऐसा आकांत उठला. आणि मैनेची हाक आली:

"बाबा, त्यो आत घुसला!"

पाटील गाडीतून उडी घालोन धावले. पाहतात तो भारद्वाज कोनाड्याच्या काठावर, दयाळाचा जोडा त्याचे डोळ्यांवर झेपावतो, आणि मैना जड अंगाने सूप घेऊन मध्ये उभी. काठी मारावी तर लेकीस लागेल. हाळी द्यावी तर पिले भिऊन खाली पडतील. बाका प्रसंग. पाटलांनी क्षणात डोक्यावरील लुगडे उपसोन जाळ्यासारखे फेकिले. भारद्वाज त्यात गुरफटोन जमिनीवर आला, लुगड्यासह फरफटत करवंदीत शिरला, काट्यांनी लुगडे टराटर फाटले, आणि शत्रू एक पीस टाकोन ओढ्याकडे पळाला. पाटलांनी आधी लेकीस धरोन बाजेवर बसविले, मग पिले मोजिली. तिन्ही होती. तेव्हा पाटील कोनाड्याखाली भुईवरच बैठक मारोन बसले.

गाडीवान विचारावयास आला. पाटील म्हणाले, "बैल सोड. आज जायचं नाय."

सनद शेजारगावच्या पाटलास मिळाली. राघो पाटलांनी गैरहजेरीचे कारण लिहोन धाडिले की, गावावर परचक्र आले, सबब बंदोबस्तास राहणे भाग पडले. कचेरीत धावपळ उडाली. उलट टपाली सवाल आले की शत्रू किती, हत्यारे कोणती, आपले किती पडले? पाटील खोटे लिहिणारे नव्हते. जबाब दिला: शत्रू एक, हत्यार चोच, आपले तीन, वय नऊ दिवस, सर्व जिवंत.

वैशाख अमावास्येस सकाळी कचेरीचा शिपाई ठपक्याचा लखोटा घेऊन फाटकाशी आला. त्या वेळी दोन पिले उडोन शेवग्यावर गेली होती, आणि तिसरे, धाकटे, कोनाड्याच्या काठावर बसोन धीर करीत होते. पाटलांनी ओठांवर बोट ठेविले. तेव्हा सरकारचा शिपाई सरकारचा लखोटा छातीशी धरोन, एक पाय फाटकात आणि एक बाहेर, तैसाच उभा राहिला. चुलीवरचे कालवण करपले, कोणी उठले नाही. धाकट्याने मान काढिली, आत घेतली, पुन्हा काढिली. आणि मैना बाजेवर उठोन बसते तो पंख उघडोन, निम्मे पडत निम्मे उडत, ते शिपायाचे साफ्यावर जाऊन बसले, आणि तेथून शेवग्यावर गेले.

येणेप्रमाणे चारोळीपाड्याची मोहीम दोन घटका दिवस चढल्यावर फत्ते जाहली. नुकसानी, लुगडे एक. शिपायास गूळपाणी दिले. लखोटा पाटलांनी संध्याकाळी उघडिला.