दुसरं टिंब

जगातल्या बाकी घरांत झिरो मिळाला की पाठीत धपाटा बसतो. टिंबच्या घरात मात्र ज्या दिवशी झिरो मिळे, त्या दिवशी बाबा शीळ घालत जिना चढायचे.

टिंब म्हणजे या घरातली एकुलती एक मुलगी. वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. पण नववीत आल्यावर अख्ख्या शाळेसमोर भाषण ठोकून तिने पहिलं बक्षीस मिळवलं, तेव्हापासून ती ते नाव पदवीसारखं मिरवायची. आणि बाबा म्हणजे सैन्याच्या कार्यशाळेतले मिस्त्री. रायफलवर काडेपेटीएवढी एक डबी बसवतात, त्या डबीतून एक किरण निघतो. हा किरण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, अंधारात पाहायचा चष्मा लावला तरच त्याचा ठिपका दिसतो. नळी बघते तिकडेच हा किरण बघेल असं जुळवणं, याला म्हणायचं झिरो करणं. बाबा यात उस्ताद होते. फक्त कागदावर नव्हते, आणि तो कागद आज मिळायचा होता. मोठ्या साहेबांसमोर एक झिरो करून दाखवला की उद्यापासून बाबा नव्या मुलांना शिकवणार.

शाळेने नेमका आजच 'पालकांचं काम पाहून या' असा उपक्रम दिला होता. मामाला तो अजिबात पसंत नव्हता. मामा तिला रोज दोन तास गणित शिकवायचा, आणि बाबा नोकरीत नेमकं काय करतात हे पंधरा वर्षांत त्याने विचारलेलं नव्हतं.

"बंदुका पुसताना काय बघायचंय?" तो सकाळी फोनवर बाबांना म्हणाला. "आज गणिताचे मार्क लागणार आहेत. तिकडे लक्ष ठेवा. मार्क आले की ते आमच्या घराण्याचे, एवढं लक्षात असू द्या!"

"बघूच," बाबा म्हणाले आणि जेवणाचा डबा विसरून निघून गेले. त्यामुळे डबा टिंबकडे आला. पुढचं सगळं रामायण त्या डब्याने केलं.

कार्यशाळेची ती खोली बोगद्यासारखी लांबलचक होती. खिडकी एकही नाही. एका टोकाला टेबल, दुसऱ्या टोकाला पांढरा फळा, त्यावर एक गोल आणि गोलाच्या दोन बोटं वर एक फुली. फळ्यामागे काळा रबरी पडदा, आणि त्याच्याही वर, छताला टेकलेली पाटी: 'शांतता राखा'. टेबलाजवळ दुसरी पाटी: 'टेबलावर हत्याराशिवाय काहीही ठेवू नये.' दोन्ही पाट्या बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेल्या. टेबलावर दोन रिकाम्या रायफली स्टँडवर शेजारी शेजारी बसवल्या होत्या. एक आज झिरो करायची, आणि दुसरी बाबांनी कालच करून ठेवलेली, साहेबांना नमुना म्हणून दाखवायला. खोलीत गोळी एकही नाही, हे बाबांनी तीनदा तपासलं आणि टिंबला चारदा सांगितलं.

"मिस्त्री, करा सुरू," मोठे साहेब म्हणाले. साहेब मोठे होतेच, शिवाय आवाजही मोठा होता. "मी स्वतः बघणार. माझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही."

"नळीत लाल दिवा लावलाय साहेब, तो गोलावर धरलाय," बाबा म्हणाले. "आता वरच्या डबीचा ठिपका फुलीवर आला, की झिरो."

हत्यारांचं भांडार सांभाळणारे भांडारवाले काका दाराशी उभे होते, त्यांनी दिवे घालवले. भर अकरा वाजता मिट्ट काळोख झाला. बाबांनी डबी चालू केली आणि एक जादा चष्मा टिंबच्या हातात दिला. "घे, बघ. पण तोंड बंद."

चष्मा जड होता, दोन्ही हात लागणार होते. तिने चाचपडत डब्याची पिशवी कुठेतरी ठेवली. खाली काहीतरी मऊ, गादीसारखं लागलं. बरं झालं, डबा हिंदकळणार नाही, असा विचार करून तिने चष्मा डोळ्यांना लावला.

आहाहा! सगळं जग हिरवं! बाबा हिरवे, साहेब हिरवे, साहेबांची मिशी तर शेवाळासारखी! फळ्यावर, फुलीच्या चार बोटं खाली, एक टपोरा ठिपका चमकत होता.

"ठिपका खाली आहे. वर घेतो," बाबा म्हणाले आणि बारक्या किल्लीने स्क्रू फिरवायला लागले. खट. खट. खट.

ठिपका जागचा हलला नाही.

दहा खट झाले. वीस झाले. बाबांच्या कपाळावरचा घामसुद्धा हिरवा दिसायला लागला.

"सरकत नाही साहेब."

"सरकतोय की!" साहेब चष्म्यातून बघत म्हणाले. "मला स्पष्ट दिसतोय. केसभर वर गेला. नीट बघा जरा!"

आता साहेबांना दिसतोय म्हटल्यावर भांडारवाल्या काकांनाही दिसायला लागला. "दोन केस," ते म्हणाले.

बाबांनी चष्मा बदलला. फळा वाकडा असेल म्हणून काकांनी जाऊन तो ठोकला. मग किल्लीच खराब आहे असं ठरलं, म्हणून दुसरी आली. तीही खट खट करत फिरली. ठिपका आपला खिळा मारल्यासारखा ढिम्म.

टिंब तोवर मान वळवून सगळी खोली बघत होती. आणि तिला एक गंमत दिसली. वर, 'शांतता राखा' या पाटीवर एक दुसरा ठिपका होता! बाबांनी खट केलं की तो मुंगीच्या पावलांनी वर चढायचा. आत्ता तो 'शां'च्या अनुस्वारावर जाऊन बसला होता.

"बाबा, तिकडे वर…"

"शूऽऽ!" काका पाटीकडे बोट दाखवत म्हणाले. "वाचता येतं ना?"

"तेच तर सांगतेय! पाटीवर…"

"पोरी, पाटीवर काय लिहिलंय?"

"शांतता राखा."

"मग राख!"

चाळीस मिनिटं अशीच गेली. साहेबांनी चष्मा काढला आणि काकांना टेबलाकडचा एक दिवा लावायला सांगून वही उघडली. "डबी सदोष. परत पाठवा. आणि मिस्त्री, तुमच्या त्या कागदाचं आपण पुढच्या वर्षी बघू."

दिव्याच्या उजेडात बाबांचा चेहरा टिंबला दिसला. जिना चढताना शीळ घालणारा माणूस तो हाच, असं कुणी म्हणालं नसतं. ते किल्ली पुसत होते. पुसलेलीच किल्ली परत पुसत होते.

"बाबा, आधी जेवून घ्या," असं म्हणत टिंब पिशवी घ्यायला वळली, आणि तिथेच थिजली. पिशवी टेबलावर होती. दुसऱ्या रायफलच्या स्टँडला रेललेली, आणि बरोबर तिच्या डबीच्या, वायरीने टेबलावर सोडलेल्या चपट्या, गादीसारख्या दाब-बटणावर!

तिने चष्मा लावला, एका डोळ्याने फळ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. फळ्यावरचा ठिपका गायब. पिशवी ठेवली. ठिपका हजर.

आता पिशवी गुपचूप काखोटीला मारली असती, तर कुणाला काहीच कळलं नसतं. आणि बाबांचा कागदही गेला असता. टिंबने छाती भरून श्वास घेतला, भाषणाच्या दिवशी घेतला होता तसा.

"साहेब! तुम्ही बघताय तो ठिपका बाबांचा नाहीच. तो दुसऱ्या रायफलचा आहे. तिच्या बटणावर डबा बसलाय. बाबांचा ठिपका वर पाटीवर चढलाय, अनुस्वारावर!"

खोलीत खरोखरच शांतता राखली गेली.

"टेबलावर डबा कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माझा," बाबा म्हणाले. "माझा डबा, माझं टेबल, माझीच पाटी. आणि ठिपका कुठल्या डबीचा ते बघितल्याशिवाय स्क्रू फिरवला, ही चूकही माझीच."

"आणि हात माझा," टिंब म्हणाली.

साहेबांनी कडकपणे भुवया वर केल्या. तेवढ्यात भांडारवाले काका अगदी निरागसपणे म्हणाले, "पण साहेब, तुम्हाला तर तो केसभर सरकलेला दिसला होता ना?"

साहेबांना जोरदार खोकला आला. खोकून झाल्यावर त्यांनी वहीतलं पान टर्रकन फाडलं. "दिवे घालवा! ए पोरी, तू चष्मा लाव. तुझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही. तू सांग, मिस्त्री फिरवतील."

मग टिंबने जे केलं, ते तिला सगळ्या शाळेला सांगायचं होतं. "बाबा, खाली! अजून खाली. पाटी सुटली. पडद्यावर आला… फळ्यावर आला! आता डावीकडे. सावकाश. एक खट. अजून अर्धा… थांबा!!"

साहेबांनी स्वतः जाऊन पाहिलं. लाल टिंब गोलात, दुसरं टिंब फुलीवर. मध्ये बरोबर दोन बोटं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, कागदावर सही केली, आणि खाली 'ठिपका पाहणारी' अशी एक नवी ओळ घालून टिंबलाही सही करायला लावली.

जेवताना मामाचा फोन आला. बाबांच्या तोंडात घास होता आणि डोळ्यांत पाणी.

"भावोजी, लागला का निकाल? काय मिळालं पोरीला?"

"झिरो!" बाबा ओरडले. "झिरो मिळाला मेव्हणे! साहेबांच्या समोर!"

"…झिरो?"

"साहेबांनी टाळ्या वाजवल्या!"

"टाळ्या? अहो, मी रोज दोन तास घासतोय तिच्यावर…"

"त्याने काय होणार? हे रक्तातच असावं लागतं. तुमच्या घराण्याचा काही संबंध नाही. पोरगी पूर्ण माझ्यावर गेलीय!"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी शाळेतून मार्क आले: शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. टिंबने ते वाचले आणि कागद दप्तरात टाकला, कारण आज सांगण्यासारखं त्याहून मोठं काहीतरी होतं. तेवढ्यात दार वाजलं. दारात मामा उभा होता. चेहरा उतरलेला, हातात पहिलीच्या मुलांचं पाढ्यांचं पुस्तक. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"रडायचं नाही. आपण पुन्हा एकपासून सुरू करू."

"मी कशाला रडू?" टिंब म्हणाली. "मामा, खरं सांग. तुला कधी मिळालाय झिरो?"

"मला?" मामा ताठ झाला. "आयुष्यात नाही!"

"अरेरे!" टिंबला खरंच वाईट वाटलं. तिने मामाचा हात थोपटला. "मिळेल हं. मेहनत कर."