गवई सरांचं अंधारं जहाज

“मेलो! धावा रे! माह्या बायकोनं मारलं मले!”

भर दुपारी गवई सरांच्या घरातून आरोळी आली आणि आमची अख्खी गल्ली पळत सुटली. मी गालाला दाढीचा साबण घेऊन, बाकीचे हाताला लागेल ते घेऊन. आरोळी एवढी दणदणीत, की तिकडे मालेगावच्या स्टँडवर एखाद्या ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक मारला असेल. आत पाहतो तर मेलेले सर खुर्चीत ताठ. गळ्यात शिट्टी, समोर शाळेच्या भंगारातून आणलेला डबडा कॉम्प्युटर. शेजारी मारेकरी, म्हणजे आमच्या सिंधूकाकू.

“बॅटरी लावाले उशीर केला इनं,” सर म्हणाले. “ते भिंतीतून आलं अन् मुंडकंच नेलं माहं!”

“मंग त्या बोळीत गेलेच कायले तुमी? मी नाही म्हनत होती ना?”

सरांनी शिट्टी फुंकली. “परत पयल्यापासून!”

गवई सर म्हणजे रिसोडच्या शाळेतले पी.टी.चे निवृत्त सर. निम्म्या तालुक्याला डावा पाय कोणता हे त्यांनीच शिकवलं. कवायतीत एकाचा हात वाकडा गेला, की सगळ्या मैदानाला “परत पयल्यापासून!” आमच्या वर्गाची एक कवायत जूनमध्ये सुरू झाली ती थेट दिवाळीच्या सुट्टीनंच सोडवली. अशा माणसाला त्या भंगारात हा गेम सापडला, आणि दोघांचं जे जमलं म्हणता!

गेम जुनापुराणा. अंतराळात बंद पडलेलं एक जहाज, आतली सगळी माणसं मेलेली. आपण एकटे. गोळ्या चिमूटभर, बॅटरीचे सेल मरायला टेकलेले, आणि छतातून, नळातून, भिंतीतून अशी जनावरं निघतात की बघणाऱ्याच्या घशात भजं अडकावं. एकदा मेलात की जिथवर गेलात ते सगळं पुसलं.

“आजकालचे गेम पोट्ट्यायचे लाड करतेत,” सर म्हणतात. “मेला का? ऊठ बाळा, इथूनच चाल. ह्या गेमले शिस्त आहे. हा कोनाचा मामा लागत नाही.”

काकूंना मागे अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात लोंबायला लागला. वाशिमच्या डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. “मी काय लहान लेकरू आहो?” म्हणत काकूंनी तो शेजारच्या बकरीपुढे टाकला. बकरीचा जबडा त्यानंतर एवढा मजबूत झाला की तिनं खुंटाच खाल्ला. काकू मात्र भिंतीकडे तोंड करून बसायला लागल्या. सर समजावून थकले, रागावून थकले.

मग एका दुपारी सर त्या जहाजात अंधारात अडकले. दोन्ही हात गुंतलेले. “बॅटरी लाव!” ते ओरडले. काकूंनी जवळचा हात पुढे केला. तो डावा होता. तो बटणापर्यंत पोचेस्तोवर जनावराचं जेवण उरकलं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्या बटणावर काकूंची लाल टिकली चिकटलेली होती.

तेव्हापासून सर चालवतात आणि काकू उजेड पाडतात. दाबायचं, दिसलं की सोडायचं, सेल वाचवायचे. “आजारी बाईवर किती वरडते हा मानूस!” गल्लीतल्या बाया म्हणायच्या. काकू त्यांनाच झापायच्या, “गप बसा वं, माहं ध्यान जाते!”

परवा बातमी पसरली, की जोडी शेवटच्या दारापर्यंत पोचली. गल्ली फुटाणे घेऊन हजर. काकूंच्या डाव्या हाताची बोटं टिकलीवर टपाटप चालत होती. “आज ह्या मानसाले बाहीर काढतोच मी,” त्या म्हणाल्या. दार दिसलं. फटीतून पांढरा उजेड येत होता.

सर दाराशी थांबले. आणि मागे वळले. सरळ अंधारात.

“अवो, तिकडं कुठी? दार इकडं आहे ना!”

“बॅटरी लाव!”

काकूंनी क्षणात लावली. उजेड नेमका जबड्यावर पडला. पुढचं काय सांगू, माझ्या हातचे फुटाणे उडाले.

“माहीच चुकी,” सर म्हणाले आणि शिट्टी फुंकली. काकूंनी त्यांना असं झापलं की घराचा रंग उतरला. मग डावा हात जरा चोळला आणि परत टिकलीवर ठेवला.

सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. मी हळूच विचारलं, “सर, दार तर समोरच होतं. मग मागं काहून वळले?”

“दाराच्या तिकडं उजेड आहे,” सर म्हणाले. “तिथं बॅटरी लागत नाही.”