अस्वलाचं सोंग

त्या दिवशी दुपार झाली तरी धुकं उठायचं नाव घेत नव्हतं, आणि तालुक्याच्या बागेतला लोखंडी माणूस तोंडावरचा मुखवटा काढून द्यायला तयार नव्हता.

मुखवटा अस्वलाचा. सोमा भोयेच्या बापाने कागदाच्या लगद्यात मेथीचं पीठ कालवून केलेला. शहरातल्या शिल्पकार बाईंनी तो मागून नेला, लोखंडाचा माणूस घडवला आणि त्याच्या तोंडावर चढवला. बोलणं एवढंच झालं होतं, की बोहाड्याला परत द्यायचा. बोहाडा म्हणजे गावाचा मुखवट्यांचा नाच. त्यात एकेक सोंग एकेका घराचं. एक साल जरी निघालं नाही, तर ते सोंग आणि ते घर दोन्ही मिटलं, असं गाव धरतं. बोहाडा आजच होता. सोमाला मूलबाळ नव्हतं, आणि त्याचे गुडघे गेले होते.

"काढून काय करू?" लोखंडी माणूस म्हणाला. "बाईंनी खाली चेहरा केलेलाच नाही."

सोमाने मुखवट्याच्या कडेतून बोट घालून पाहिलं. खरंच काही नव्हतं. बोटाला गार हवा लागली.

तेवढ्यात बागेचे कारकून साळवी आले. "बाबा, नेता येणार नाही. पाटी वाचा. 'अस्वल हे माणसाच्या हरवलेल्या जंगलाचं प्रतीक आहे.' प्रतीक गेलं तर पाटी खोटी पडेल."

"जंगल कुठं हरवलंय, सायेब? परवाच तिथनं जळणाला फाटी आणली मी."

"ते तुमचं. हे शहराचं."

सोमा चौथऱ्याला टेकला. सावकाश तंबाखू मळली. मग लोखंडी माणसाला म्हणाला, "आमच्यात मुखवटा ज्याच्या तोंडावर, त्यानं नाचायचं. येतोस?"

"पाय उचलतो की नाही, कधी पाहिलं नाही."

"माझाही उचलत नाही आता. पण संबळ वाजला की पाय कुणाला विचारत नाही."

साळवींनी नियम चाळले. चौथरा रिकामा ठेवता येत नव्हता. वर कोणी उभं राहावं, हे लिहिलेलं नव्हतं. "सकाळपर्यंत," ते म्हणाले. "आणि हलायचं नाही."

सोमाने मुखवट्याची दोरी मागून नीट आवळली. "डावा आधी," एवढं सांगितलं. लोखंडी माणूस धुक्यात शिरला. घाटाच्या रस्त्याने त्याची पावलं कितीतरी वेळ ऐकू येत राहिली. सोमा वर चढून उभा राहिला.

संध्याकाळी एक जोडपं आलं. बाईने पाटी वाचली, सोमाकडे बराच वेळ पाहिलं. "किती हरवल्यासारखं वाटतं ना!" ती म्हणाली. हलायचं नव्हतं, म्हणून सोमा काही बोलला नाही.

सकाळी शेजारचा लहानू वारघडे आला. सोमाच्या भुवयांवर दव साचलं होतं.

"निघालं का रे सोंग?" सोमाने ओठ न हलवता विचारलं.

"निघालं की, सोमादा. डावा पाय तुझ्यासारखाच उशिरा टाकतो. आता तुझ्या ओसरीवर झोपलाय. वहिनीनं त्याच्यावर घोंगडी टाकली, आणि विचारलंय, तुला संध्याकाळपर्यंत उभं राहायला जमेल का?"